समुद्रात न सोडलेला चमचा

माझ्या धंद्याला नाव नव्हतं. तसा मी सुतार. दारं-खिडक्या, पाट, पाळणे करायचो आणि त्यावरच घर चाललं. पण श्रावण लागला की रंधा-करवत बाजूला ठेवून सायकलला पिशवी अडकवायचो आणि आपल्या मराठी घरांतून फिरायचो, लोकांचे जेवणाचे लाकडी चमचे साफ करायला. दूरच्या गावांना बसने जायचो. आता कोणाला सांगितलं तर हसतात. माझी धाकटी सून तर विचारते, "चमचे धुवायला माणूस बोलवायचे? व्रे?" हो बाय, खरंच बोलवायचे. आणि वर जेवायलाही घालायचे.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आपले खापरपणजोबा कोकणातून जहाजाने या बेटावर, उसाच्या मळ्यांवर आले, मळ्याच्या कॅम्पात राहिले. तिथे धातूचं भांडं एखादंच असायचं. भात हाताने खाता येतो, पण सकाळची पेज आणि रात्रीची आमटी कशाने खाणार? मग फणसाच्या फांदीचा चमचा. पुढे घरात इनॅमलच्या थाळ्या आल्या, पण चमचा लाकडाचाच राहिला. तोंडाला चटका बसत नाही आणि आंबटाची चव बिघडत नाही. ज्याचा चमचा त्यानेच वापरायचा. दांड्याच्या शेपटाला खाचा असायच्या, त्यावरून ओळखायचा. मुलाची उष्टावण झाली की त्याचा छोटा चमचा यायचा, नवी सून घरात आली की तिचा. आणि माणूस गेला की दहाव्याला त्याचा चमचा समुद्रात सोडायचा. तो सोडायचं काम घरच्यांचं नसे. ज्या सुताराने चमचा घडवला किंवा वर्षानुवर्षं साफ केला, त्याने ते करायचं. माझ्या बापाने केलं, त्याच्या बापाने केलं.

आता साफ करणं म्हणजे काय? रोज राखेने किंवा साबणाने घासलं की वरचं उष्टं जातं. पण लाकूड पिणारी वस्तू आहे. तेल, हळद, लाळ, सगळं ते आत घेतं. म्हणून वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, वरचा पातळ पापुद्रा काढायचा. चाकूने नाही, फुटक्या बाटलीच्या काचेने. काच हलकी धरून ओढली की केसासारखा भुसा निघतो. मग मीठ-लिंबाच्या पाण्यात उकळायचा, सावलीत उभा टांगून दोन दिवस वाळवायचा. उन्हात ठेवलात तर तडकलाच म्हणून समजा. शेवटी तेल आणि मधमाशीचं मेण तळहाताने चोळायचं. तेल थोडं, चोळणं पुष्कळ. एवढं केलं की तोच चमचा वर्षभर बिनधास्त तोंडात घाला. चांगलं लाकूड चाळीस वर्षं चालतं.

बायका मात्र ऐकायच्या नाहीत. तेर रूज गावच्या एका बाईने मी यायच्या आदल्या दिवशी कौतुकाने सगळे चमचे झावेलच्या, कपडे पांढरे करायच्या पाण्यात बुडवून ठेवले, म्हणजे मला, धाकू सुताराला, कमी काम. चमचे पांढरेफटक झाले. सगळ्या घराला महिनाभर पेजेत धुलाईचा वास येत होता आणि तिचा नवरा मला भेटला की तोंड वेंगाडून दाखवायचा. मोका गावात कॉलेजात शिकवणारे एक सर होते. त्यांच्या बायकोने माझ्याकडून सहा चमचे घेतले आणि वॉर्निश लावून भिंतीवर टांगले. मी म्हटलं, "मादाम, हे खायचे आहेत." ती म्हणाली, "तेच तर, किती सुंदर दिसतात!" पुढच्या वर्षी गेलो तर भिंतीवर पाचच. सहावा सरांनी गुपचूप काढून घेतला होता. वॉर्निश माझ्याकडूनच खरवडून घेतलं आणि टेबलाच्या खणात ठेवून ते त्याने दही खात.

या धंद्याने मला माणसं न बघता वाचायला शिकवलं. ओटीवर पांढरं फडकं पसरून बायका घरातले चमचे मांडत. ते पाहून मी सांगू शकत असे की कोणाची दाढ गेली, कोण रागीट आहे आणि चमचा चावतो, कोणाच्या पोटात महिनाभर औषध गेलं. सगळ्यात सोपं म्हणजे हात. उजव्या हाताने खाणारा थाळी निपटतो तेव्हा चमच्याची डावी कड घासते. म्हणून तुमचा-आमचा चमचा डावीकडून झिजतो. डावखुऱ्याचा उजवीकडून. यात चूक होत नाही. हजारो चमचे माझ्या हाताखालून गेले आहेत, आणि एका चमच्याखेरीज कोणीही मला फसवलेलं नाही.

त्या एकाची गोष्ट आजवर मी कुठे सांगितली नाही. तेव्हाही चारच माणसांना माहीत होती.

प्लेन मान्येनला भागीरथीकाकींचं घर होतं. मुलगा आत्माराम विमानतळावर सामान चढवायच्या कामावर. त्याची बायको शेवंती, पक्की डावखुरी. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिने डावा हात ताटात घातला आणि काकींनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी तोडगा निघाला की भात उजव्या हाताने खायचा, आणि आमटी-पेज चमच्याने, मग चमचा कुठल्याही हातात का असेना. तो चमचा मी घडवला. बापाची मदत न घेता केलेलं माझं पहिलं काम. चिंचेच्या गाभ्याचं लाकूड होतं, जांभळट काळं, लोखंडासारखं कठीण. आठ दिवस लागले मला. डावखुरीसाठी म्हणून उजवी कड मी जरा जाड ठेवली. शेवंतीला तो इतका आवडला की दर वर्षी फडक्यावर स्वतः आणून ठेवायची आणि म्हणायची, "धाकूदादा, जास्त खरवडू नका हो, माझ्या तोंडाच्या मापाचा झालाय."

जेवण झालं की तिला बडीशेप लागायची. पदराच्या गाठीत बांधलेली असायची. तिचा चमचा हातात घेतला तरी तो वास यायचा.

बारा वर्षांनी शेवंती तापाने गेली. चार दिवसांत. मूलबाळ नव्हतं. दहाव्याला काकींनी चमचा पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला, सोबत भाताचा एक मुटका. सायकलवर मी माहेबर्गच्या किनाऱ्याला गेलो.

आणि तिथे मी कापड उलगडलं. का उलगडलं, देव जाणे. एकदा बघावं असं वाटलं. बारा वर्षांत उजवी कड अशी झिजली होती की जणू शिंपल्याची धार. आणि लाकूड? लाकडाला काहीसुद्धा झालं नव्हतं. आणखी तीस वर्षं सहज चाललं असतं. तसा गाभा मला परत कधी मिळाला नाही. सुताराचा जीव लाकडात असतो, त्याला चांगलं लाकूड फेकवत नाही. मी भाताचा मुटका आणि एक दगड कापडात बांधून समुद्रात भिरकावला, आणि चमचा खिशात घातला. आत्मारामला सांगितलं, "सोडला." तो रडला आणि त्याने माझे हात धरले.

घरी येऊन मी चमच्याच्या दोन्ही कडा तासून सारख्या केल्या, तोंड लहान केलं, शेपटाच्या खाचा कापून टाकल्या, तीनदा उकळला. एरवी उकळलेलं लाकूड तेलाला हपापलेलं असतं, चोळताच तेल दिसेनासं होतं. या चमच्याने तेल घेतलं नाही. रात्रभर ठेवला तरी सकाळी थेंब तसाच वर. मी तो पुसला, हत्यारांच्या पेटीत खाली टाकला आणि विसरलो. विसरलो म्हणजे, विसरायचा प्रयत्न केला. पेटी उघडली की पटाशीला, हातोडीला, सगळ्याला बडीशेपेचा वास यायचा. बायको म्हणायची, पेटीत काय खाऊ ठेवता का?

दोन वर्षांनी आत्मारामने दुसरं लग्न केलं. मुलगी तेर रूजची, सुमन. हसरी, चांगली भरलेल्या अंगाची, बोलायला मोकळी. लग्नाच्या आदल्या दिवशी काकींचा निरोप आला की सुनेचा चमचा पाहिजे. आदल्या दिवशी! माझ्याकडे वाळलेलं लाकूड नव्हतं, ओल्याचा केला तर महिन्यात फाटतो. मी पेटी उघडली.

हे लिहिताना अजूनही माझा हात थांबतो. पण त्या वेळी माझ्या मनात पाप नव्हतं, हे खरं आहे. चमचा तासलेला, उकळलेला, नवा झालेला. वापरात येईल, वाया जाणार नाही, एवढंच मला दिसलं. काकींनी लाकडाकडे पाहून विचारलं, "ह्यो चिंचेचा? तिचा होता तसाच?"

"त्याच ओंडक्याचा दुसरा तुकडा, काकी," मी म्हटलं.

पुढचा श्रावण आला. ऊस कापणी चालू होती, रस्त्याभर पाचोळा. मी प्लेन मान्येनला गेलो तेव्हा सुमनने दार उघडलं आणि मी तिला ओळखलं नाही. गळ्याची हाडं वर आली होती. सहा महिन्यांपूर्वी लग्नात भरलेल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिने फडकं पसरलं, तीन चमचे मांडले. मी काच काढली आणि तिचा चमचा उचलला.

उजवी कड झिजलेली होती. शिंपल्यासारखी. जिथे जशी वाकली होती तिथे तशीच.

मी दोन्ही कडा सारख्या करून दिल्या होत्या, माझ्या हाताने. सहा महिन्यांत चिंचेच्या गाभ्यावर साधा ओरखडा उठत नाही.

"बाय, तू डावखुरी हायस का?" मी विचारलं.

"नाय तोंतों. उजवीच." ती मला तोंतों, म्हणजे काका, म्हणायची. तिने उजवा हात वर करून दाखवला आणि हसली.

काकी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

त्या घरी नेहमीसारखं जेवायला बसवलं. आत्माराम कामावर होता. सुमन आमच्याबरोबरच बसली. भात तिने उजव्या हाताने कालवला, दोन घास खाल्ले. मग आमटीसाठी चमचा घेतला, डाव्या हाताने. बोलता बोलता घेतला, तिला कळलंही नाही. चमचा थाळीच्या कडेने फिरवायची ती तऱ्हा मी बारा वर्षं पाहिली होती. जेवण झाल्यावर तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्यापुढे बडीशेप धरली.

"मला पहिली आवडायची नाय," ती म्हणाली. "इथं आल्यापासून लागते."

काकी आत गेल्यावर ती हळूच बोलली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं, आणि तेच मला जास्त लागलं. "तोंतों, मी जेवते. पोटभर वाढून घेते. पण पोट भरतच नाय. असं वाटतं माझ्या आधी कोण तरी जेवून गेलं आणि मला ताट चाटायला ठेवलं. दोक्तरला दाखवलं, तो म्हणतो काय नाय." मग म्हणाली, "परवा ह्यांनी चुकून हाक मारली, शेवंते म्हणून. मी ओ दिली. आत्ता आठवलं तरी अंगावर काटा येतो. मला वाटलंच नाय की ते नाव माझं नाय."

मी काय केलं? काचेने कड सारखी केली, उकळून टांगला, आणि तिसऱ्या दिवशी येऊन मेण चोळलं. तेल या वेळीही वरच राहिलं. भित्रा माणूस काम करत राहतो, तसा मी काम करत राहिलो.

निघताना काकी सायकलपाशी आल्या. "धाकू, एक विचारते. तू तिचा चमचा समुद्रात सोडलास ना?"

"सोडला, काकी."

"मग ही पोर अशी का होत चाललीय? काय तरी लागलंय तिला. गणपती झाले की मी तिला आईकडे धाडते. माझ्या घरात एक गेली, दुसरी मरायला नको."

सगळ्यांना ठाऊक होतं, तेर रूजला धाडलेली सून पुन्हा प्लेन मान्येनला येत नाही. तिथे ती नवऱ्याने टाकलेली म्हणून बसते, आणि मागच्या बहिणींची लग्नं अडतात. सुमन खिडकीत उभी होती. तिने ते ऐकलं होतं.

पंधरा दिवसांनी, चतुर्थीला दोन दिवस असताना, आत्माराम माझ्या कारखान्यात आला. काम सोडून, भर सकाळी. त्याने खिशातून चमचा काढून माझ्या बाकावर ठेवला. उजवी कड पुन्हा गेली होती. पंधरा दिवसांत, बारा वर्षांची झीज.

"धाकूदादा, तुमी लाकूड ओळखता," तो म्हणाला. "मला सांगा हे काय हाय. ती काल उठली नाय. पेज भरवली तर वाटी संपवते आणि आणखी मागते, आणि अंगात काय धरत नाय. मी शेवंतीला चार दिवसांत घालवली. हिला मी बघत नाय बसणार. दिर म्वा लावेरिते. खरं काय ते सांगा."

मी हत्यारं तशीच टाकली आणि त्याच्याबरोबर बसमध्ये बसलो.

स्वयंपाकघरात सुमन भिंतीला टेकून बसली होती. काकी चुलीपाशी. फळीवर मातीचा गणपती कापडाखाली झाकून ठेवलेला. मी उभ्यानेच सांगितलं. किनाऱ्यावर कापड उलगडलं ते, दगड बांधला तो, पेटी, लग्नाच्या आदल्या दिवसाचं खोटं, सायकलपाशी बोललेलं खोटं. सगळं.

काकी उठल्या आणि त्यांनी मला थोबाडीत मारली. माझं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होतं. मी गाल चोळला नाही. आत्माराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले.

"आत्ताच्या आत्ता जातो," मी म्हटलं. "आत्ताच समुद्रात टाकून येतो."

"थांबा तोंतों," सुमन म्हणाली. तिने हात पुढे केला, मी चमचा तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट पाहिला, कडेवरून बोट फिरवलं. तिला भीती वाटत नव्हती. आम्हा तिघांना वाटत होती.

"दोन वर्षं ही कुठं होती?"

"माझ्या हत्यारांच्या पेटीत."

"भाताचा मुटका तर तुमी दगडाबरोबर टाकलात." तिने माझ्याकडे पाहिलं. "मग दोन वर्षं तिला जेवायला कोणी घातलं?"

मी आयुष्यात अनेकांच्या शिव्या खाल्ल्या. त्या प्रश्नाने मी जसा खाली बसलो तसा कधी बसलो नाही.

सुमन भिंतीचा आधार घेत उठली. काकी पुढे धावल्या, तिने त्यांना हाताने थांबवलं. तिने एक पाट मांडला, शेवंतीचा पूर्वी असायचा तिथे; जागा काकींनी दाखवली. थाळीत भात वाढला, भोपळ्याची भाजी, वाटीत आमटी. चमचा थाळीच्या डाव्या बाजूला ठेवला. मग ती समोर बसली आणि म्हणाली, "शेवंतीताई, जेवा. मला ठाऊक नव्हतं. मी तुमचं खात होते."

बाहेर लख्ख ऊन होतं. वरून एक विमान उतरलं, खिडक्या थरथरल्या आणि पुन्हा शांत झाल्या. आम्ही चौघं बसून राहिलो. कोणी थाळीला हात लावला नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण भातावरची वाफ थांबली होती. बडीशेपेचा वास मात्र वाढत गेला, इतका की काकींनी पदर नाकाला लावला.

मग सुमनने चमचा उचलला. त्याच्या उजव्या कडेला आमटी लागलेली होती. मांडताना लागली असेल. मी त्या वेळी तसं म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

आम्ही चौघंही माहेबर्गला गेलो. सुमनला आत्मारामने धरून नेलं. चमचा माझ्या हातात द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि मीही मागितला नाही. सुमन गुडघाभर पाण्यात गेली, थाळीतला सगळा भात आधी सोडला, मग चमचा. चिंचेचा गाभा जड, तो दगडासारखा बुडायला हवा. तो बुडाला नाही. तोंड खाली, दांडा वर असा पाण्यात उभा राहिला, कोणी ताटात टेकवून धरावा तसा. दांडा जरा डावीकडे कललेला. लाटा येत होत्या आणि तो हलत नव्हता. सुमनने हात जोडले आणि म्हणाली, "या आता." तेव्हा तो गेला.

आत्मारामने पहिल्यांदा मोठ्याने शेवंतीचं नाव घेतलं. दहाव्याला मी त्याला जे रडू दिलं ते खोटं होतं, खरं रडू त्याला त्या दिवशी मिळालं. त्याबद्दल मी त्याचा कायमचा गुन्हेगार आहे.

घरी परत येईतो दुपार कलली होती. काकींनी पानं वाढली. सुमन बसली, उजव्या हाताने भात कालवला, आणि आमटीची वाटीच तोंडाला लावली. पहिली वाढ संपली. तिने मान वर केली, आणि पोरीसारखं म्हणाली, "आंकोर, अजून भात वाढा, आई." काकींनी वाढला. तोही संपला. मग तिने ढेकर दिली आणि दचकून तोंडावर हात ठेवला. सहा महिन्यांत तिचं पोट पहिल्यांदा भरलं होतं. काकी हातातली पळी टाकून रडायला लागल्या. तेर रूजचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही. सुमन पुढे अंगाने भरली, तिला दोन मुलं झाली, ती आजही त्याच घरात आहे.

मी उठून जायला निघालो होतो. सुमननेच अडवलं. "तोंतों, उपाशी नका जाऊ," म्हणाली आणि स्वतःच्या हाताने मला वाढलं. त्या पोरीचं मन एवढं मोठं. मी खाली मान घालून जेवलो. तिने पुन्हा वाढलं, मी पुन्हा जेवलो. तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा काकी माझ्याकडे बघायला लागल्या. भोपळ्याची भाजी चांगली झाली होती, आमटीही. मी थाळी निपटली आणि जसं झालं तसं सांगतो, एवढं जेवून माझ्या पोटात काही गेल्याचं मला जाणवलं नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षं मी चमच्यांचं काम केलं. मग घरोघर स्टील आलं, कोणी बोलवेनासं झालं, आणि मला हायसं वाटलं. आता मी निवृत्त आहे, मुलं-सुना प्रेमाने सांभाळतात. दोन वेळा सगळ्यांबरोबर जेवायला बसतो. बायको म्हणते, एवढं खाता ते जातं कुठे? डॉक्टर म्हणतात, काही नाही. ती वाढते, मी जेवतो, आणि ताटावरून भुकेला उठतो.